राबते हात आणि रंगाचा थर

चित्रकलेवर भाषण करणे हा तसा आडवळणाचा उद्योग आहे. गाण्याविषयी बोलणारा निदान एखादी जागा गुणगुणून दाखवू शकतो. चित्राविषयी बोलणाऱ्याजवळ शब्दांवाचून दुसरे काही नसते. त्यातून आजचा विषय असा, की तो छापील चित्रातदेखील पुरता उतरत नाही. तो विषय म्हणजे रंगाची जाडी. चित्रात काय काढले आहे, कोणता रंग कोठे आहे, हे छापील प्रतीवरून कळते. परंतु तो रंग कापडावर किती चढला आहे, कुंचल्याच्या केसांनी त्यात कशा सऱ्या पाडल्या आहेत, कोठे तो ढेकळासारखा वर आला आहे, हे सपाट कागदावर किंवा मोबाइलच्या काचेवर कळत नाही. त्यासाठी मूळ चित्राजवळ उभे राहावे लागते, आणि तेही किंचित बाजूने. कारण तिरक्या उजेडात रंगाच्या प्रत्येक कंगोऱ्याची स्वतःची बारीक सावली पडते.

मग असा विषय येथे घ्यावयाचा कशाला? त्याचे कारण असे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील काही चित्रकारांनी शेतात आणि रस्त्यावर राबणारी माणसे आपल्या चित्रांचा मुख्य विषय केली, आणि त्याच चित्रकारांच्या हाती रंग जाड, राठ आणि उघडावाघडा झाला. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या हा निव्वळ योगायोग नव्हे, असे माझे म्हणणे आहे. राबणारा माणूस रंगवावयाचा म्हणजे त्याचा फाटका सदरा आणि वाकलेली पाठ काढली की झाले, असे पुष्कळांना वाटते. या चित्रकारांना तेवढे पुरेसे वाटले नाही. श्रम हा विषय चित्रात आणावयाचा, तर चित्राच्या पृष्ठभागावरूनही श्रमाची खूण पुसून टाकता कामा नये, या निष्कर्षाला ते आपापल्या वाटेने येऊन पोहोचले.

थर म्हणजे काय

प्रथम साधी कारागिरीची गोष्ट समजून घेऊ. तैलरंग म्हणजे रंगाची पूड जवसासारख्या तेलात घोटून केलेला लगदा. पाण्यातला रंग पाणी उडून गेले की वाळतो. तेलाचे तसे नाही. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट होते. पातळ थर थोड्या दिवसांत सुकतो. जाड थरावर आधी साय धरते आणि आतला गाभा कित्येक महिने मऊ राहतो. म्हणजे चित्रकाराला हवा तर तो हा रंग तेलाने पातळ करून काचेसारखा पसरू शकतो, आणि हवा तर लोण्यासारखा घट्ट ठेवून थापू शकतो. घट्ट रंगाचा गुण असा, की फटकारा जसा मारावा तसा तो उभा राहतो. हात कोठे टेकला, कोणत्या दिशेने ओढला, कोठे उचलला, याचा पुरावा त्यात कायमचा राहतो. या पद्धतीला इटालियन भाषेत 'इम्पॅस्टो' म्हणतात. कणीक किंवा लगदा या अर्थाच्या शब्दापासून तो शब्द निघाला आहे, आणि स्वयंपाकघरातला तो मूळ अर्थ येथे अगदी चपखल बसतो.

हत्यारेही पाहिली पाहिजेत. मऊ केसांचा कुंचला आपली खूण मागे ठेवीत नाही. डुकराच्या राठ केसांचा कुंचला रंगात नांगरल्यासारख्या रेषा पाडतो. रंग कालवण्याची लवचिक सुरी तर कुंचल्याला बाजूला सारून रंग सरळ कापडावर चोपडते. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी दाबून रिकामी करता येणाऱ्या कथिलाच्या नळीचे पेटंट घेतले. त्यापूर्वी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत असत. पिशवीला भोक पाडले की उरलेला रंग फार दिवस टिकत नसे. नळी आल्यावर चित्रकार खिशात रंग घालून शेताच्या बांधावर जाऊन बसू लागला, आणि हवे तेव्हा नळीतला घट्ट रंग तसाच्या तसा वापरू लागला.

तथापि त्या काळी पॅरिसच्या सरकारमान्य कलाशाळांत जी शिकवण होती ती याच्या नेमकी उलट होती. पुरे झालेले चित्र म्हणजे ज्यात कुंचल्याची एकही खूण दिसत नाही असे घोटीव चित्र. पृष्ठभाग संगमरवरासारखा गुळगुळीत हवा. हे चित्र कोणी तरी हाताने, घाम गाळून केले आहे असे प्रेक्षकाच्या ध्यानीमनीही येता कामा नये. या आदर्शात एक सामाजिक सोय दडलेली आहे. आपल्या ताटात भाकरी येते तेव्हा तिच्यामागची नांगरट, पेरणी, राखण, मळणी यांतले काहीच ताटात दिसत नाही. काम जितके पूर्णत्वाला जाते तितका काम करणारा दृष्टीआड होतो. देवदेवतांची, राजेरजवाड्यांची चित्रे अशी घोटून काढली तर काही बिघडत नाही. परंतु ज्याच्या आयुष्याचा सारा अर्थच कष्टात आहे, त्याचे चित्र कष्टाची प्रत्येक खूण पुसून काढावयाचे, यात मूळचीच विसंगती आहे.

सोन्याच्या बाहीपासून ढेकळापर्यंत

जाड रंग हा काही एकोणिसाव्या शतकाचा शोध नव्हे. हॉलंडच्या रेम्ब्रांटने सतराव्या शतकात तो मुक्तपणे वापरला. 'ज्यू वधू' या नावाने ओळखले जाणारे त्याचे उतारवयातील चित्र आमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आहे. त्यातील पुरुषाच्या सोनेरी बाहीवर रंगाचे असे थर चढले आहेत, की ती बाही रंगवण्यापेक्षा घडवलीच आहे असे वाटते. तेथे जाड रंगाचे काम होते उजेड पकडण्याचे: जरीवर, दागिन्यावर, वृद्ध कपाळावर चमकणारा उजेड.

एकोणिसाव्या शतकात घडले ते असे, की सोन्याच्या बाहीसाठी राखून ठेवलेला हा मान ढेकळाला, धसकटाला आणि ठिगळाला मिळाला. ही गोष्ट वरवर तांत्रिक दिसते. वस्तुतः ती मूल्यांची उलथापालथ होती. कापडावर रंग जेथे जाड असतो तेथे पाहणाराचा डोळा थांबतो. चित्रकाराने आपला रंग आणि आपला वेळ कशावर खर्च केला हे तो जाडीवरून सांगत असतो. ज्या वस्तूकडे कोणी वळूनही पाहत नव्हते, तिच्यापाशी आता डोळ्याला थांबणे भाग पडले.

मिले: सूप आणि सरवा

झां फ्रांस्वा मिले हा या चित्रकारांतील वडीलधारा. नॉर्मंडीतील ग्रेव्हिलजवळच्या ग्रुशी नावाच्या वस्तीत १८१४ साली एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. शेतकाम त्याने लांबून पाहिले नव्हते. लहानपणी स्वतः केले होते. १८४८ च्या पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात त्याने 'पाखडणारा' हे चित्र मांडले. अंधाऱ्या कोठारात एक माणूस भल्या मोठ्या सुपासारखी टोपली मांडीच्या आधाराने उचलून धान्य पाखडतो आहे, इतकेच ते चित्र. डोक्याला लाल रुमाल, अंगात पांढरा सदरा, निळी विजार. आणि सुपातून उडणारे धान्य व फोलपट म्हणजे सोनेरी रंगाचे नुसते ठिपके, सुट्या सुट्या थेंबांसारखे टाकलेले.

तेओफील गोतिये हा त्या काळचा नामांकित टीकाकार. त्याने या रंगकामाची तुलना गवंडीकामाशी केली. हा मनुष्य फडक्यासारख्या जाड्याभरड्या कापडावर थापीने रंगाचा गिलावा करतो, अशा आशयाचे त्याचे वर्णन होते, आणि गुळगुळीत दाढी केलेल्या शहरी गृहस्थांचा या चित्राने थरकाप होईल असेही त्याने म्हटले होते. त्याच्या शब्दांत कौतुक किती आणि थट्टा किती हा प्रश्न बाजूला ठेवू. परंतु निरीक्षण अचूक होते. मिलेने सुताची वीण, मातीची जमीन आणि माणसाचे अंग यांत फारसा फरक ठेवला नव्हता. सगळे एकाच कोरड्या, भरड पदार्थाचे बनले आहे असे वाटावे अशा रीतीने त्याने रंग लावला होता. ते चित्र पुढे हरवले, जळाले असे समजले गेले, आणि १९७२ मध्ये अमेरिकेतील एका घराच्या माळ्यावर सापडले. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

मिलेचे सर्वपरिचित चित्र १८५७ चे. त्याच्या नावाला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे सरवा. पीक काढून झाल्यावर शेतात पडून राहिलेल्या ओंब्या गोरगरिबांनी वेचून न्याव्यात, ही चाल फ्रान्समध्येही होती. 'सरवा वेचणाऱ्या' या चित्रात तीन बायका आहेत. दोघी कमरेत पूर्ण वाकल्या आहेत, तिसरी अर्धवट ओणवी आहे. तिघींच्याही हातांत मूठभर ओंब्या आहेत. आणि त्यांच्यामागे, लांब, धूसर उजेडात गव्हाच्या उंच गंज्या, भरलेली गाडी, कापणाऱ्यांची गर्दी आणि घोड्यावर बसलेला मुकादम. सुबत्ता आहे, पण ती दूर आहे. जड, घट्ट, मातकट असे जे काही आहे ते पुढे, या तिघींच्या अंगाखांद्यांवर आणि धसकटांत. आणि संपन्नता मात्र फिकट, विरळ रंगात. पोटासाठी वाकणाराला समोरची वीतभर जमीन तेवढी स्पष्ट दिसते, बाकीचे जग धूसर असते, हे मिलेने रंगाच्या वजनानेच सांगितले. १८४८ ची क्रांती लोकांच्या मनात अजून ताजी होती. या तीन मुक्या बायकांच्या आकृतींत काही टीकाकारांना बंडाची चाहूल लागली यात नवल नाही.

दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, झ्यूल ब्रतों या चित्रकाराने नेमका हाच विषय घेतला. त्याच्या सरवा वेचणाऱ्या बायका संध्याकाळी घराकडे परतत आहेत. पाय अनवाणी, कपडे फाटके. परंतु चाल राण्यांसारखी डौलदार, चेहरे रेखीव, रंग मुलायम. चित्र सुंदर आहे, ब्रतोंला खेड्याची माहितीही चांगली होती. ते तिसऱ्या नेपोलियनच्या दरबाराने विकत घेतले. दोन्ही चित्रे आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. ब्रतोंच्या चित्रासमोर आपल्याला बरे वाटते: गरिबी आहे, पण किती शोभिवंत! मिलेच्या चित्रासमोर आपली स्वतःची कंबर दुखू लागते. या दोहोंतला फरक ज्याला जाणवला, त्याला आजच्या विषयाचा अर्धा भाग कळला असे मी समजतो.

कूर्बेची सुरी

मिलेच्या बरोबरीचे दुसरे नाव ग्युस्ताव्ह कूर्बे. १८४९ साली त्याने 'खडी फोडणारे' हे चित्र काढले. रस्त्याच्या कडेला दोघे जण काम करीत आहेत. एक म्हातारा गुडघा टेकून हातोडा मारतो आहे, एक पोरगा फोडलेल्या दगडांची टोपली उचलतो आहे. एकाचा चेहरा टोपीखाली झाकलेला, दुसऱ्याची आपल्याकडे पाठ. जन्म या टोकाला सुरू होतो आणि त्या टोकाला संपतो, मधे दुसरे काही नाही, एवढेच ते चित्र सांगते. कूर्बे रंग सुरीने चोपडण्यासाठी प्रसिद्ध होता. दगड रंगवताना तो रंगाला दगडासारखाच वागवी: खरवडी, घाशी, तुकड्यातुकड्याने बसवी. माणसांच्या चेहऱ्यांना चित्रात जागा नाही आणि दगडाला, कपड्याच्या चिंध्यांना मात्र पुरते वजन आहे, हे पाहून त्या वेळचे प्रेक्षक बिथरले. आकारही लहान नव्हता. पाच फुटांहून उंच आणि आठ फुटांहून रुंद असे ते कापड होते. असला विस्तार तोवर लढाया आणि राज्याभिषेक यांच्यासाठी राखून ठेवलेला असे.

हे चित्र आज अस्तित्वात नाही. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संग्रहात ते होते, आणि फेब्रुवारी १९४५ मधील बाँबहल्ल्यांत ते नष्ट झाले. त्याची छायाचित्रे आहेत. त्यांवरून आपण विषय सांगू शकतो, मांडणी सांगू शकतो. परंतु सुरीने चढवलेला तो थर गेला तो गेलाच. हे नुकसान किती मोठे, याची कल्पना छायाचित्र पाहून येत नाही, हाच जाड रंगाच्या महत्त्वाचा एक पुरावा आहे.

बटाटे खाणारे

आता आपण त्या नावाकडे येऊ, ज्याची आपण सर्व जण वाट पाहत असाल. व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा जन्म १८५३ चा, हॉलंडमधला, बाप धर्मोपदेशक. तो शेतकरी नव्हता. चित्रकलेकडे तो सत्ताविसाव्या वर्षी वळला आणि मिलेच्या चित्रांच्या छापील प्रती समोर ठेवून त्याने हात घटवला. डिसेंबर १८८३ पासून जवळजवळ दोन वर्षे तो न्यूनेन या खेड्यात राहिला. तेथे त्याने कोष्टी रंगवले, नांगरणारे रंगवले, आणि शेतकऱ्यांचे चेहरे तर डझनांनी रंगवले. या सरावातून १८८५ च्या एप्रिल-मे महिन्यांत 'बटाटे खाणारे' हे चित्र तयार झाले. आज ते आमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे.

एका कोंदट खोलीत, वर टांगलेल्या एकाच दिव्याखाली, पाच माणसे जेवत आहेत. मधे वाफाळणाऱ्या बटाट्यांची परात, एक म्हातारी कॉफी ओतते आहे. चेहरे ओबडधोबड, हाडे वर आलेली, बोटे गाठाळ. या चित्रामागची आपली भूमिका व्हिन्सेंटने भाऊ थिओ याला पत्रातून समजावून सांगितली आहे. तिचा मथितार्थ असा: ही माणसे ज्या हातांनी ताटातले बटाटे उचलत आहेत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, म्हणजे त्यांनी आपले अन्न प्रामाणिकपणे कमावले आहे, हे चित्रातून दिसावे. चेहरे त्याने आधी उजळ रंगात पुरे केले होते. मग ते त्याला खोटे वाटले, आणि त्यांवर त्याने पुन्हा रंग चढवला: धुळीने माखलेल्या, साल न काढलेल्या बटाट्याचा रंग.

या एका कृतीत त्याची सारी भूमिका आली आहे. खाणारा आणि खाद्य, हात आणि माती एकाच रंगद्रव्यातून निघाली आहेत. 'हे लोक मातीचे आहेत' असे वाक्य कवी लिहील. येथे ते वाक्य नाही, शब्दशः वस्तुस्थिती आहे. चित्रकाराचा मित्र व्हान राप्पार्ड याने या चित्राची शिळाछापाची प्रत पाहून कडक टीका केली: शरीररचना चुकली, कारागिरी ढिसाळ. दोघांची मैत्री त्यावरून तुटण्याच्या वाटेला लागली. रेखांकनात चुका आहेत हे खरेच. परंतु ते हात पाहावेत. बरोबर काढलेले शेकडो हात आपण विसरतो, हे विसरत नाही.

पेरणारा

व्हॅन गॉग १८८८ च्या फेब्रुवारीत दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी गेला. तेथील उन्हाने त्याचा रंगफलक बदलला, पण विषय बदलला नाही. पेरणारा माणूस हा विषय त्याने मिलेकडून घेतला होता. मिलेचा १८५० चा 'पेरणारा' त्याच्या मनात वर्षानुवर्षे घर करून होता. जून १८८८ मध्ये त्याने काढलेला पेरणारा आज हॉलंडमधील क्र्योलर-म्यूलर संग्रहालयात आहे. वर पिवळे आकाश आणि भला थोरला सूर्य, मागे उभा गहू, आणि पुढे जांभळ्या-निळ्या ढेकळांचे नांगरलेले शेत. त्यातून मूठ फेकीत जाणारा एक लहानसा माणूस.

या चित्रात कुंचल्याच्या फटकाऱ्यांची दिशा पाहण्यासारखी आहे. आकाशात फटकारे सूर्यापासून किरणांसारखे बाहेर पसरतात. गव्हात ते उभे आहेत, कारण गहू उभा असतो. शेतात ते तुटक, आडवेतिरपे आणि जाड आहेत, कारण ढेकळे तशीच पडलेली असतात. म्हणजे प्रत्येक वस्तूचा जो स्वभाव, तीच हाताची हालचाल. व्हॅन गॉगने शेताचे वर्णन केलेले नाही. त्याचा हात शेतावरून ज्या गतीने फिरला ती गती त्याने तेथे ठेवली आहे. पेरणाराची मूठ एका लयीत सुटते, पाऊल एका लयीत पडते. चित्रकाराचा फटकाराही तसाच, एकामागून एक, पुन्हा पुन्हा. श्रमाचे मुख्य लक्षण म्हणजे ही पुनरावृत्ती. घोटीव चित्रात ती दाखवता येत नाही. कारण घोटणे म्हणजे फटकारे एकमेकांत जिरवून त्यांची मोजणी अशक्य करणे.

पुढे १८८९ च्या मे महिन्यात व्हॅन गॉग सें-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. बाहेर जाण्याची मुभा नसे तेव्हा त्याने मिलेच्या चित्रांच्या काळ्या-पांढऱ्या छापील प्रती समोर घेतल्या आणि सुमारे वीस चित्रे त्यांवरून रंगवली: खणणारे, पेंढ्या बांधणारी, कापणी करणारा, दुपारी गंजीच्या सावलीत झोपलेले जोडपे. त्याने या कामाला नक्कल म्हटले नाही. एखादा वादक दुसऱ्याची रचना आपल्या बोटांनी वाजवतो, तसे ते काम आहे असे त्याचे म्हणणे होते. मी आरंभी म्हटले, की छापील प्रतीत थर उतरत नाही. व्हॅन गॉगलाही मिलेची चित्रे बहुतांशी आपल्यासारखी छापील प्रतींतूनच भेटली होती. प्रतीत रंग नव्हता आणि जाडीही नव्हती. त्याने त्या दोन्ही आपल्या पदरच्या घातल्या.

आणखी एक लहानशी गोष्ट सांगतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात व्हॅन गॉगचे १८८९ चे 'ऑलिव्हची झाडे' हे चित्र आहे. २०१७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना त्यातील रंगाच्या थरात अडकलेला एक बारीकसा नाकतोडा सापडला. रंगात धडपडल्याची खूण नव्हती, म्हणजे तो मेलेलाच येऊन पडला होता. मौज म्हणून ही गोष्ट ठीक आहे. पण तिचा अर्थ असा, की हे चित्र उघड्यावर, वारा-धुळीत काढले गेले, आणि रंगाच्या थराने त्या दिवसाचे जे मिळाले ते ठेवून घेतले.

दोन आक्षेप

आता दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला असा: जाड रंग लावला की श्रमाचे चित्र खरे होते काय? मुळीच नाही. रंग थापणे ही फार सोपी गोष्ट आहे, आणि एकदा तिला बाजारात किंमत आली की तीही एक रंगसफेदीच होते. उलट पातळ, नेटक्या रंगातूनही सत्य सांगता येते. झ्यूल बास्तियां-लपाज याचे १८७७ चे 'गवत कापणारे' हे चित्र पाहावे. त्यातील बसलेल्या बाईचा चेहरा चांगला घोटून काढला आहे. पण ती ज्या नजरेने समोरच्या शून्याकडे पाहते आहे, ती थकव्याची नजर काल्पनिक नाही. एवंच, जाडी हे साधन आहे. त्यामागे वाकलेल्या शरीराचे ज्ञान नसेल तर थर कितीही चढवा, तो चिखल होतो. मिलेने काम केले होते, व्हॅन गॉगने वर्षानुवर्षे पाहिले होते, थर त्यानंतरचा.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. चित्रकाराचे कष्ट आणि शेतकऱ्याचे कष्ट यांना एका पंक्तीला बसवणे न्याय्य आहे काय? न्यूनेनच्या ज्या दे ग्रोट कुटुंबाच्या घरी व्हॅन गॉगने बटाटे खाणारे पाहिले, ती माणसे समोर बसण्याचे चार पैसे घेऊन पुन्हा शेतावर गेली. तो भावाच्या पैशावर जगत होता. त्यांना तसा भाऊ नव्हता. पुढे गावच्या कॅथलिक धर्मगुरूने आपल्या लोकांना या चित्रकारापुढे बसू नका असे सांगितले, तेव्हा हा सहवासही संपला. मिलेची गोष्ट तशीच बोलकी आहे. १८७५ मध्ये तो वारला. त्याचे 'आंजेलस' हे शेतातल्या सांजप्रार्थनेचे चित्र १८८९ साली लिलावात साडेपाच लाख फ्रँकांहून अधिक किमतीला गेले. चित्रकाराच्या कुटुंबाला त्यातून काही मिळावयाचे नव्हते. असल्या अन्यायांची चर्चा होत होत १९२० मध्ये फ्रान्सने कायदा केला, की चित्राच्या पुनर्विक्रीत चित्रकाराला व त्याच्या वारसांना वाटा मिळावा. चित्रकाराच्या श्रमाला असा न्याय मिळाला. चित्रातल्या शेतकऱ्याच्या श्रमाची बाजू मात्र कोणत्याही लिलावात निघत नाही.

म्हणून हे साम्य जपून वापरावे. जाड रंग शेतकऱ्याचे ओझे हलके करीत नाही, आणि चित्र पाहून हळहळणाऱ्या आपणा शहरवासीयांचे ऋणही फेडीत नाही. तो एकच गोष्ट करतो: श्रम लपवण्याच्या कामात भागीदार व्हावयाचे नाकारतो. गुळगुळीत चित्र आपल्याला म्हणते, पाहा आणि पुढे चला. खरखरीत चित्र डोळ्याला अडवते. ही रेघ कोणी तरी ओढली, हे ढेकूळ कोणी तरी ठेवले, हे पुन्हा पुन्हा केले, असे ते पटवून देते. आणि तेथून, काय काढले आहे याकडे वळताना, त्या शेतात ओढलेल्या रेघा आणि फोडलेली ढेकळे कोणाची, हा प्रश्न टाळता येत नाही.

शेवटी, चित्र पाहण्याविषयी एक व्यावहारिक सूचना. परदेशी संग्रहालयात जाण्याचा योग ज्यांना येईल त्यांनी, आणि इतरांनी आपल्या शहरातील एखाद्या प्रदर्शनात कोणतेही तैलचित्र पाहताना, आधी दहा पावले मागे उभे राहून विषय पाहावा. मग दोन पावलांवर यावे आणि विषय विसरून फक्त रंग पाहावा: तो कोठे जाड आहे, कोठे विरळ, फटकारा कोणत्या दिशेने गेला, हात कोठे थांबला. त्यानंतर बाजूला सरकून तिरक्या उजेडात पाहावे. चित्रकाराने कशावर अधिक कष्ट घेतले हे एवढ्याने कळेल. ते कष्ट चेहऱ्याच्या शोभेवर घेतले आहेत, की हाताच्या गाठींवर, हे ज्याने त्याने स्वतः ठरवावे. त्यासाठी टीकाकाराची गरज नाही. ज्याने एकदा तरी शेणामातीने जमीन सारवलेली पाहिली आहे, बोटांचे अर्धगोल ओळीने उमटलेले पाहिले आहेत, त्याच्या डोळ्याला ही भाषा मुळात परकी नाही.